पन्नीतले गजभिये काका

आमच्या शेजारच्या गजभिये काकांच्या घरात पन्नी न चढवलेली एकच वस्तू होती, ती म्हणजे गजभिये काकू. हे मी नाही म्हणत, काकू स्वतःच म्हणायच्या. आणि म्हणताना काकांकडे असं पाहायच्या की काका घाईघाईनं चष्मा पुसायला घ्यायचे.

पन्नी म्हणजे प्लास्टिक. आमच्या हिंदी मुलखातल्या अधारतालमध्ये राहून प्लास्टिकला प्लास्टिक म्हणणारा माणूस मी तरी पाहिला नाही. काकांकडे सोफ्याला पन्नी, रिमोटला पन्नी, फ्रिजच्या मुठीला पन्नी, स्कूटरच्या सीटला पन्नी. दुकानातून येताना वस्तूवर जी पन्नी असेल ती त्यांनी कधी काढली नाही, आणि जिच्यावर नसेल तिला बाजारातून आणून चढवली. मे महिन्यात त्यांच्या सोफ्यावर बसणं म्हणजे शिक्षाच. उठलं की चर्रकन आवाज व्हायचा आणि नवा पाहुणा दचकून मागे पाहायचा, आपलं काही फाटलं की काय! धुरकटलेल्या पन्नीखाली त्या सोफ्याचा खरा रंग कोणता यावर आमच्या घरात वाद होता. मी मातकट म्हणायची, आमचे हे राखाडी म्हणायचे.

"काढा ना काका ती पन्नी एकदाची!" मी वैतागून म्हणायची.

"काहून काढू? पन्नी काढली का वस्तूचं वय सुरू झालं, मॅडमजी."

घ्या. बोला आता यावर.

काका सरकारी कारखान्यात इन्स्पेक्टर होते. जन्मभर दुसऱ्यांच्या मालातली खोट काढली आणि रिटायर झाल्यावर ती सवय घरी घेऊन आले. माझ्या चहाचा एक घोट घेऊन म्हणायचे, "फेरतपासणी." म्हणजे आणखी एक कप आणा. 'पास' हा शब्द मी त्यांच्या तोंडून फक्त भंडाऱ्याहून आलेल्या तांदळाबद्दल ऐकला होता. बिघडलेल्या वस्तूला मात्र ते कधी बिघडली म्हणायचे नाहीत. मिक्सर फिरेना, तर "नाराज आहे." कूलर पाणी ओढेना, तर "नाराज आहे, मनवावं लागते." मग पेचकस, म्हणजे स्क्रू ड्रायव्हर, घेऊन मनवायला बसायचे. आतून काकू ओरडायच्या, "अन् मी नाराज होते तेव्हा कोणता पेचकस घेता हो?"

तर या काकू लेकीच्या बाळंतपणाला पुण्याला गेल्या, आणि काका घरात एकटे पडले. एकटा माणूस काय करेल याचा नेम नाही. काकांनी स्टुलावर चढून छताच्या पंख्याच्या पात्यांना पन्नी गुंडाळायला घेतली. स्टूल नाराज झालं. पाय मोडला, प्लास्टर आलं, आणि मी डबा घेऊन गेले तर साहेबांनी त्या प्लास्टरवरही साडीच्या दुकानाची पिशवी चढवून वर रबरबँड लावलेले!

मी इतकी ओरडले की समोरच्या घरातून माणसं बाहेर आली.

"मळते ना, बाप्पा," काका शांतपणे म्हणाले.

पण खरं दुखणं पायाचं नव्हतं. नात झाली होती. नामकरण येत्या रविवारी सकाळी, पुण्याला. काकांचं तिकीट काढलेलं होतं, आणि डॉक्टरांनी प्रवासाचं नावही काढू दिलं नाही. काकू फोनवर म्हणाल्या, मी परत येते. काकांनी दटावलं, "तू तिथंच राह. लेकराकडे पाह." फोन ठेवला आणि मला म्हणाले, "भाजीत मीठ जास्त होऊन राहिलं तुमच्या." डोळे कशानं भरले त्याचं हे कारण. भाजी अजून डब्यातच होती.

मोबाइलवर चेहरा दिसायची सोय तेव्हा आमच्यापर्यंत आलेली नव्हती. सायबर कॅफे होता, पण वरच्या मजल्यावर, आणि पायाला तर प्लास्टर. जावई म्हणाला, तयार लॅपटॉप पाठवतो. काकांना ते कसं चालावं? "तयार माल मी घेत नाही. आत काय भरलं, कोणी पाहिलं?" ठरलं, कॉम्प्युटर घरी जोडायचा आणि फोनच्या तारेवरून इंटरनेट घ्यायचं. आता शाळेतल्या कॉम्प्युटरच्या खोलीची किल्ली माझ्याकडे असते, म्हणजे मी शिकवते हिंदी, पण किल्लीमुळे मोहल्ल्यात मी इंजिनियर. काकांनी गोहलपूरच्या दुकानदाराला फोनवर कॅमेऱ्यासकट एकेक भाग सांगितला आणि तो सगळा पसारा स्कूटीवर लादून आणायचं काम कोणाकडे आलं हे सांगायला नको. भर दुपारच्या उन्हात पायांत कॅबिनेट आणि पाठीला मॉनिटर बांधून मी आले ते काकांना शिव्या देतच आले.

कॉम्प्युटर ठेवायला घरात एकच धड टेबल होतं. त्यावर काकूंच्या भरतकामाचा रुमाल असायचा, तो मी ओढून बाजूला केला. काका "राहू द्या, राहू द्या" म्हणेपर्यंत तो माझ्या हातात होता. खाली लाकडावर भला मोठा काळा डाग, थेट इस्त्रीच्या आकाराचा. काकांनी तिकडे पाहिलंच नाही. "मॉनिटर तिथंच ठेवा, डागावर," एवढं म्हणाले. पण डाग मॉनिटरच्या बुडाला पुरून उरला.

काकांनी एकट्यानं सगळं जोडलं. मान्य करावं लागेल, हात चांगला होता. बटण दाबलं, पंखे फिरले, पडद्यावर अक्षरं उमटली. आम्ही दोघांनी टाळ्या वाजवल्या. आणि टाळ्या थांबतात न थांबतात तोच सगळं गप्प. पडदा काळा.

"नाराज आहे," काका म्हणाले.

पुन्हा बटण, पुन्हा पंखे, पुन्हा गप्प. थोडा वेळ थांबून लावलं की जरा जास्त चालायचं, लगेच लावलं की लगेच बंद. तिथून जे मनवणं सुरू झालं ते शनिवारपर्यंत. काका म्हणाले, व्होल्टेज. फ्रिजचा स्टॅबिलायझर काढून इकडे लावला, दूध नासलं. काका म्हणाले, अर्थिंग. अंगणात अर्थिंगचा खड्डा होता, त्यात मी बादल्यांनी पाणी ओतलं. येणारे-जाणारे विचारायचे, "दीदी, कौन सा पेड़ लगा रही हो?" मेमरीची पट्टी काढून तिचे सोनेरी दात माझ्या खोडरबरनं घासले. दुकानदार फोनवर म्हणाला, "भैया, सप्लाई बदल के देखो," म्हणून मी पुन्हा गोहलपूरला जाऊन तो सप्लायचा, म्हणजे आत वीज पुरवणारा, डबा बदलून आणला. काही फरक नाही. कॉम्प्युटरमधून तापल्या पन्नीचा वास यायचा, पण काकांच्या घराला उन्हाळ्यात तो वास असतोच, त्यामुळे कोणी लक्षच दिलं नाही.

शनिवारी संध्याकाळी काका टेबलाशी नुसते बसून होते. चहा समोर तसाच. फेरतपासणीही नाही.

"जाऊ द्या, मॅडमजी," ते म्हणाले. "फोटो पाठवतील ना ते लोक. फोटोत पाहू."

मला हे सहन होईना. भांडणारे काका मला चालतात, असे नाही चालत. मी खुर्ची ओढून बसले. "नाही जाऊ द्यायचं! उघडा पुन्हा. आणि कारखान्यात तपासायचे तसं एकेक मला सांगा. काय लावलं, कसं लावलं."

हे त्यांना जरा आवडलं. चष्मा सावरला, पेचकस घेतला. "हा प्रोसेसर. याच्यावर ही पांढरी पेस्ट लावली, मुगाच्या दाण्याएवढी. तिच्यावर हा पंखा, अन् पंख्याखाली हा धातूचा ठोकळा. पेस्ट पन्नीला अशी बरोबर पसरली का..."

"कशाला पसरली?"

"पन्नीला."

"कोणती पन्नी, काका?"

"ठोकळ्याच्या बुडाला राहते ना, ती. चांगली पातळ आहे. दिसत पण नाही."

मी ठोकळ्यावर वाकले. "तिच्यावर काही लिहिलेलं नव्हतं?"

"हाव, होतं ना. वापरण्याआधी काढा, असं इंग्रजीत."

"मग?"

"मग काय? ते तं सगळ्याच पन्न्यांवर लिहून राहते."

मी कपाळावर हात मारून घेतला. अहो, तो ठोकळा प्रोसेसरला थेट टेकला तर त्याची आग ओढून घेणार! मध्ये पन्नी असल्यावर तो बिचारा तापतो, आणि जळू नये म्हणून आपला आपण बंद होतो. एवढं तर किल्लीवाल्या इंजिनियरलाही कळतं. मी हसायला लागले ते थांबता थांबेना. म्हटलं, काकाही हसतील.

काका हसले नाहीत. ठोकळा हातात धरून बसले. पन्नीचा कोपरा नखानं उचलला आणि तसाच सोडून दिला.

"तुम्ही काढा," ते म्हणाले. "माझ्या हातून काही खराब नको व्हायला."

"काका, पन्नी आहे ती! काय खराब होणार?"

त्यांनी टेबलावरच्या डागाकडे बोट केलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिकडे पाहिलं.

"हे टेबल तिच्या बाबांनी पाठवलं होतं. आमचं नवं लग्न. भंडाऱ्याहून ट्रकवर आलं, नवं कोरं. मी ड्यूटीच्या घाईत होतो. शर्ट इस्त्री केला अन् गरम इस्त्री तशीच आडवी ठेवून दिली याच्यावर." काकांनी डागावरून बोट फिरवलं. "ती एक शब्द बोलली नाही. भांडली असती तं बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी तिनं त्याच्यावर रुमाल टाकला, बस. तो रुमाल कधी निघाला नाही. तेव्हापासून हातात नवी वस्तू आली का मला भीती वाटते, मॅडमजी. हिची आणखी एखादी वस्तू माझ्या हातून जाईल म्हणून."

माझं हसणं कुठल्या कुठे गेलं. इतकी वर्षं मी या माणसाच्या पन्नीची टिंगल करत होते, आणि हा माणूस बायकोची माफी मागत होता! मला फार वाईट वाटलं. पण नरम पडले असते तर दोघंही रडत बसलो असतो, म्हणून मी मुद्दाम आवाज चढवला. "ते काही नाही. नात तुमची, पन्नी तुमची. तुम्हीच काढा!"

काकांनी काढली. डोळे मिटून काढली, इंजेक्शन घेतात तशी. खालचा धातू लखलखत होता. पेस्ट पुन्हा लावली, अर्धी ट्यूब त्यांनी जपून ठेवलेली होतीच. बटण दाबलं. पंखे फिरले, अक्षरं आली, आणि राहिली. मी डबा गरम केला, काका जेवले, तरी कॉम्प्युटर आपला चालूच. काकांनी कॅबिनेटवर हात ठेवला. "मानला बाप्पा," ते म्हणाले.

रविवारी सकाळी काका पांढराशुभ्र सदरा घालून बसले. पायावर नवी पिशवी. पुण्याचं घर पडद्यावर आलं आणि काकूंचा चेहरा एकदम समोर. तब्येत वगैरे काही नाही, पहिलं वाक्य, "अहो, तुम्ही असे धुरात बसल्यासारखे काहून दिसून राहिले?"

मी कॅमेऱ्याकडे पाहिलं. भिंगावर पन्नी! मी काही म्हणायच्या आत काकांनी नखानं ती ओढून खिशात टाकली. "आता?"

"आता दिसले," काकू म्हणाल्या, आणि पदर डोळ्यांना लावला. "वाळले तुम्ही."

बुद्धवंदना झाली, नाव ठेवलं, मैत्रेयी. लेकीनं बाळ कॅमेऱ्यासमोर धरलं. ते जांभई देत होतं. काकांनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. कारखान्यातला माल पाहावा तसं वरपासून खालपर्यंत नीट पाहिलं.

"पास," ते म्हणाले. मग पुण्याला ऐकू जावं म्हणून मोठ्यानं म्हणाले, "पास आहे."

मग काकूंना सगळा थाट पाहायचा होता. कॉम्प्युटर ठेवला कुठं, दाखवा. मी उत्साहात कॅमेरा खाली वळवला, आणि जीभ चावली. डाग उघडाच होता.

"रुमाल कुठं गेला?" काकूंनी विचारलं.

काका शाळेतल्या पोरासारखे खाली मान घालून बसले. "निघाला. घालतो पुन्हा."

"राहू द्या उघडा."

"तुला आवडत नाही ना तो डाग."

"मला काय करायचं त्या डागाचं?" काकू म्हणाल्या. "तुम्हीच जेवायला बसले का त्याच्याकडे पाहत राहायचे, घास उतरायचा नाही तुमचा. नवी नवरी मी, काय बोलणार? म्हणून झाकला तुमच्यासाठी. तुम्हाला दिसू नये म्हणून."

दोघं एकमेकांकडे पाहत बसले, आणि मी उगाचच कूलरमध्ये पाणी आहे का ते पाहून आले. मग तिकडे पाहुणे जेवायला बसले, काकूंना बोलावणं आलं, आणि पडद्यावरचं चित्र गेलं.

काकांनी खुर्ची मागे सरकवली. मग म्हणाले, "मॅडमजी, कैची द्या."

ते लंगडत सोफ्यापाशी गेले. मला म्हणाले, टोक धरा. कैची चालली, आणि पन्नी सोलून निघाली तसा मी आणि आमच्या ह्यांनी घातलेला सगळा वाद खोटा ठरला. सोफा पोपटी होता! हिरवागार, ताज्या मिरचीसारखा. काकूंनीच पसंत केलेला, काका म्हणाले. काका हळूच त्यावर बसले. कसलाही आवाज आला नाही. त्यांनी त्या कापडावरून तळहात फिरवला.

मी दुसऱ्या टोकाची पन्नी कापायला कैची लावली, तसा त्यांनी माझा हात धरला.

"तिकडची राहू द्या," ते म्हणाले. "ती तिकडे बसते. ती आली का काढू. तिच्या बाजूचं वय तेव्हा सुरू होऊ द्या."