बुवांच्या खोलीतली आयर्लंडची बाई

आमच्या खोलीतला एसी काळी दोनमध्ये वाजतो. मेसचा पंखा पांढरी चारमध्ये. कंपनीच्या बसचा हॉर्न कुठल्याच पट्टीत बसत नाही, म्हणून बुवांचा त्या ड्रायव्हरवर राग. पेटीच्या पट्ट्यांची ही भाषा मला अजून कळत नाही, पण बुवांच्या शेजारच्या कॉटवर झोपायचं म्हणजे ती कानावर पडणारच. मी घोरायला लागलो की ते मला हलवून उठवायचे. घोरण्याबद्दल तक्रार नसायची. "सूर सुटलो," एवढंच सांगायचे आणि कूस बदलून स्वतः गाढ झोपायचे.

बुवा म्हणजे जगन्नाथ बुवा, कणकवलीकडचे. आखातात रास तनुराजवळच्या आमच्या कॅम्पात ते परांची बांधणाऱ्या टोळीचे फोरमन, आणि गावाकडे भजनी मंडळाचे बुवा. दिवसभर उन्हात कामगारांना पिटाळत "यल्ला, यल्ला" ओरडायचं आणि गुरुवारी संध्याकाळी खोलीचं दार लावून बेताच्या आवाजात भजन करायचं. पखवाज नाही म्हणून खजुराचा पत्र्याचा रिकामा डबा. मी कोल्हापूरचा, क्रेन चालवतो. मला टाळ धड धरता येत नाही, तरी हाताला धरून बसवायचे, आणि घटकाभरात "सूर सुटलो". आता मी नुसत्या टाळ्या वाजवत होतो, त्यात कसला आलाय सूर?

माझं संगीत निराळं. व्यायाम करताना मला ट्रान्स, म्हणजे डिस्कोत वाजतं तसलं मशीनचं संगीत, लागतं. त्यातलं एक गाणं माझं फार लाडकं. मशीनचा ढम ढम ठेका, आणि त्यावर आयर्लंडची एक बाई त्यांच्याकडचं जुनं लोकगीत म्हणते. शब्द एक कळत नाही. बुवा कानात बोटं घालायचे. "ह्या गाणा की पाया ठोकूचा मशीन?" असं रोज विचारायचे.

एकदा ते आंघोळ करून आले, तेव्हा गाण्यातला ठेका मध्येच थांबला होता आणि बाई एकटीच गात होती. बुवा ओल्या अंगाने दारातच उभे राहिले. मग ठेका हळूच परत आला, चढत चढत गेला आणि एकदम फुटला. बुवा टॉवेल सावरत म्हणाले, "अरे, ह्यो तर आमचो गजर." भजनाच्या शेवटी गजर चढतो आणि माणसं भान विसरतात, तेच हे, असं त्यांनी मला तासभर समजावलं. त्या दिवसापासून गाणं माझं राहिलं नाही. डबा घेऊन साथ काय करायचे, बाईला दाद काय द्यायचे. तिचा सूर मात्र कधी सुटला नाही, हे आम्हा सगळ्यांना येताजाता ऐकवायचे.

आणि मग बुवांचाच आवाज बसला. आधी वाटलं, ओरडून बसला असेल. पण महिने गेले तरी सुटेना. दवाखान्यातल्या घशाच्या डॉक्टरबाई नाशिकच्या. त्यांनी तपासलं आणि स्वरयंत्रावर गाठ आहे म्हणून सांगितलं. गाठ काढली, तपासायला पाठवली, आणि रिपोर्ट येईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही, असा दम भरला. माझ्या तोंडचं पाणी पळालं. ज्या माणसाच्या टकळीने माझे कान किटले होते, तो कॉटवर मुका बसून होता, आणि मला त्या खोलीत करमेना.

बुवांनी मोबाइलवर टाइप करून मला एकच गोष्ट बजावली, घरी कळता कामा नये. पण वहिनींना रोज संध्याकाळी फोन करायचा त्यांचा नेम. त्यांनी शक्कल काढली. नेटवर्क खराब आहे, माझा आवाज येणार नाही, तू गाणं ऐक, असा मेसेज टाकायचा, फोन लावायचा आणि माझ्या मोबाइलवर आयर्लंडची बाई सुरू करायची. स्वतः डब्यावर बोटं वाजवत बसायचे. मी म्हटलं, बुवा, तुमच्याच भजनाचं रेकॉर्डिंग लावा की. त्यांनी टाइप केलं, 'तो आवाज परत मिळेल की नाही ठाऊक नाही. ऐकवत नाही रे.' 

चार-सहा दिवसांनी वहिनींचा फोन मला आला. "भावजी, खरा सांगा. नेटवर्क त्या बायचो आवाज बरो आणता, मग ह्येंचोच कसो येणा नाय? कोण ती?"

मी गडबडलो आणि म्हणालो, वहिनी, काळजी करू नका, ती इथली नाही, आयर्लंडची आहे. मी कपाळावर हात मारला. मग काय, ती रेकॉर्डवरची बाई आहे इथपासून गाठीपर्यंत सगळं भडाभडा सांगून टाकलं. वहिनी रडल्या. मग म्हणाल्या, मला कळलंय हे त्यांना सांगू नका, त्यांना वाटू दे लपलंय म्हणून. पुढे रोज तिकडे त्या ऐकत होत्या, इकडे हे डबा वाजवत होते, आणि मध्ये मी घुसमटत होतो.

रिपोर्टच्या दिवशी मी क्रेनवरून सुट्टी काढून बुवांबरोबर गेलो. डॉक्टरबाई हसल्या, गाठ साधी होती, काळजीचं काही नाही. माझा जीव भांड्यात पडला. बुवांनी खुर्चीतून उठून त्यांना वाकून नमस्कार केला. हळू आवाजात थोडं थोडं बोलायला परवानगी मिळाली, तरी पूर्ण रस्ताभर ते गप्प. पहिला शब्द कुणासाठी राखून ठेवलाय, ते मला कळलं.

खोलीवर आल्या आल्या त्यांनी फोन लावला. रिपोर्ट चांगला आल्याचं मी वहिनींना दवाखान्यातूनच कळवलं होतं. बुवांनी घसा साफ करून तोंड उघडलं, तोच पलीकडून वहिनींनी ते गाणं सुरू केलं. शब्द नाहीत, नुसतं 'ला ला'. रोज ऐकून पाठ केलेलं. पट्टी हरवलेली, ठेका भलतीकडे, मधली वरची जागा तर पार घसरली. मलासुद्धा कळलं. आता 'सूर सुटलो' येणार म्हणून मी बुवांकडे बघत बसलो.

बुवांनी माझ्याकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं. सगळं त्यांच्या ध्यानात आलं. डोळे पुसले, आणि इतक्या दिवसांनी फुटलेल्या त्या घोगऱ्या आवाजात म्हणाले,

"बरा म्हटलंस. परत म्हण."