एकटीच गेली

"भावोजी, बूट घाला," मेहुणी दारातूनच म्हणाली. "आपण हसायला जातोय."

भावोजी कवळी घासत बसले होते. लोकांना कवळ्या बनवून देणं हा त्यांचा धंदा, आणि घराची पुढची खोली हाच त्यांचा कारखाना. फळीवर प्लॅस्टरच्या साच्यांवर चढवलेल्या कवळ्या ओळीने मांडलेल्या असत. बायकोला जाऊन आठ महिने झाले होते, आणि त्या घरात दात दाखवणारं आता तेवढंच काय ते उरलं होतं.

"मला नाही जमायचं," ते मान वर न करता म्हणाले. "हा वरचा जबडा उद्या द्यायचाय."

"ज्याला द्यायचाय त्याने इतके दिवस पातळ खाऊन काढले, आणखी एक दिवस काढेल. उठा."

शहरात दरवर्षी कलामहोत्सव भरायचा. नाच, गाणं, गंभीर नाटकं, सगळं असायचं. पण बायको आणि मेहुणी, दोघी बहिणी, फक्त विनोदी कार्यक्रम गाठायच्या. एका वर्षी एक बाई तासभर छत्रीशी भांडली होती आणि शेवटी छत्रीच रागावून निघून गेली होती. एका वर्षी एका माणसाने नुसतं खुर्चीवर बसायचा प्रयत्न केला होता, तो अखेरपर्यंत साधला नाही. असे आवडते कार्यक्रम दोघी पुढे वर्षभर स्वयंपाकघरात करून दाखवायच्या. भावोजी कधी गेले नाहीत. "तुम्ही जाऊन या आणि मला सांगा," म्हणायचे, आणि त्या सांगायला लागल्या की घासायचं यंत्र सुरू करायचे.

यंदा मेहुणीला जोडीदार नव्हता. ती एका कंपनीच्या तक्रार विभागात फोनवर असायची. दिवसभर लोकांच्या शिव्या खायच्या आणि "आपल्या भावना आम्ही समजू शकतो" म्हणायचं, हे तिचं काम. त्यामुळे तिचा आवाज सहसा हलत नसे. पण भावोजी उठेनात तेव्हा ती म्हणाली, "एकटीने नाही हो बसवणार मला तिथे," आणि तो हलला. भावोजींनी मुकाट्याने बूट घातले.

पहिला कार्यक्रम पोस्टाच्या बंद पडलेल्या इमारतीत होता. दोन भाऊ एक भलामोठा पलंग अरुंद जिन्यावरून वर नेत होते. पलंग अडकत होता, भाऊ अडकत होते, लोक हसून लोटपोट होत होते. मेहुणी हसत होती ती गोळी गिळावी तशी, ठरवून. मधूनच डोळ्यांच्या कोपऱ्यातून ती भावोजींकडे बघायची, आणि भावोजी पलंगाकडे बघायचे.

"कसं वाटलं?" बाहेर आल्यावर तिने विचारलं.

"पायाकडची बाजू आधी घ्यायला हवी होती."

मेहुणी "तोंड धुऊन येते" म्हणून गेली ती बराच वेळ आलीच नाही. आली तेव्हा नाक लाल होतं. भावोजींनी ते पाहिलं आणि समोरच्या भिंतीवरची जाहिरात वाचायला सुरुवात केली. या सगळ्यात उशीर झाला, आणि वाचनालयाच्या तळघरातल्या दुसऱ्या कार्यक्रमाला पोचेपर्यंत मागच्या खुर्च्या भरून गेल्या होत्या. अशा कार्यक्रमात पहिल्या रांगेत शहाणा माणूस बसत नाही. तिथे दोन खुर्च्या अगदी मध्यावर रिकाम्या होत्या.

कलाकार एकटाच होता. काडीपैलवान, खांद्यापर्यंत केस, हातात माइक. त्याचे पहिले चार विनोद समोर पडले आणि कोणी ते उचललेही नाहीत. पाचव्याला मागून कोणीतरी खोकलं. त्याच्या कपाळावर घाम दिसू लागला. बुडत्याला काडीचा आधार असतो; इथे काडीलाच आधार हवा होता. त्याने पुढे पाहिलं, तर समोर भावोजी.

"काका, तुम्ही हसत का नाही?"

"हसतोय."

"कुठे?"

"आतल्या आत."

तळघर पहिल्यांदा खुदखुदलं. कलाकाराच्या जिवात जीव आला. तो खाली उतरून जवळ आला.

"काम काय करता, काका?"

"कवळ्या बनवतो."

"म्हणजे लोकांच्या तोंडी लागता!"

"लागावं लागतं. पोटासाठी."

आता लोक मोठ्याने हसले. कलाकार आणखी खुलला. "आणि घरी कोण कोण असतं?"

मेहुणीने भावोजींचं मनगट घट्ट धरलं.

"आता कोणी नाही. बायको गेली."

"गेली? कोणाबरोबर?"

भावोजींना खोटं बोलायची सवय नव्हती, आणि थट्टा तर त्यांना कधीच कळली नव्हती. प्रश्न विचारलाय म्हणजे उत्तर द्यायला हवं. त्यांनी नीट विचार करून सांगितलं, "एकटीच गेली."

तळघर कोसळायचं तेवढं बाकी राहिलं.

"येईल हो परत! राग शांत झाला की येईल."

"परत कशी येईल? मी स्वतः पोचवून आलो."

"आणि तिचं सामान?"

"सगळं घरातच आहे. काही म्हणता काही नेलं नाही."

लोक खुर्च्यांवरून घसरले. कोणीतरी "बास, बास!" म्हणून ओरडलं. मेहुणीने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं होतं, तिचे खांदे गदगदा हलत होते. मागच्या बाईने तिच्या पाठीवर थाप मारली. "पोटात दुखायला लागलं ना? माझंही तेच!"

बाहेर आल्यावर भावोजींभोवती घोळका जमला. "काका, चेहरा काय ठेवलात हो!" एकजण म्हणाला. "जरासुद्धा हलला नाहीत. किती वर्षं करताय हे?"

"एकतीस," भावोजी म्हणाले. त्यांना वाटलं, कवळ्यांबद्दल विचारतोय.

इतक्यात महोत्सवाच्या संयोजिका बाई धापा टाकत आल्या. गर्दी होत नाही म्हणून हा कार्यक्रम बंदच करणार होते. आता उद्याचा प्रयोग मोठ्या सभागृहात हलवला होता. त्यांच्या मागून कलाकार धावत आला आणि त्याने भावोजींचे दोन्ही हात हातात घेतले.

"काका, तुम्ही मला वाचवलंत. उद्या याल ना? हेच बोला. एक शब्द बदलू नका. ते 'पोचवून आलो' कुठून सुचलं हो तुम्हाला?"

"सुचलं नाही ते!" मेहुणी कडाडली. "खरं आहे. माझी बहीण वारलीय."

"वारली म्हणजे?"

"वारली म्हणजे काय असतं? वारली!"

कलाकाराच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने भावोजींचे हात सोडले, दोन पावलं मागे सरला, आणि वाचनालयाच्या पायरीवर मटकन बसला. घोळका पांगला. जाता जाता एकजण दुसऱ्याला म्हणाला, "हाही कार्यक्रमाचाच भाग असणार."

दुसऱ्या दिवशी दुपारी संयोजिका बाईंचा फोन आला. कलाकाराने रंगपटाची कडी आतून लावून घेतली होती. आपण जन्मात पुन्हा विनोद करणार नाही, असं तो दारामागून सांगत होता. बाहेर सभागृह तर काठोकाठ भरत होतं. "तुमच्याशिवाय तो कोणाचं ऐकायचा नाही," बाई रडवेल्या झाल्या होत्या. "कृपा करून या."

"म्हणजे दुःख आपलं, आणि समजूत त्याची काढायची!" मेहुणी म्हणाली.

"तुला सवय आहे," भावोजी म्हणाले, आणि या वेळी आपणहून बूट घातले.

भावोजींचा आवाज ऐकून कलाकाराने कडी काढली. त्याचे डोळे सुजले होते. "काका, मी तुमच्या जखमेवर मीठ चोळलं. भर सभेत. माझी जीभ झडली पाहिजे."

"आपल्या भावना आम्ही समजू शकतो," मेहुणी म्हणून गेली आणि तिने ओठ चावला.

भावोजी एका लाकडी खोक्यावर बसले. बोलायची पाळी त्यांच्यावर क्वचितच यायची. त्यांनी थोडा वेळ गुडघे चोळले.

"एक सांगू का?" ते म्हणाले. "आठ महिन्यांत माझ्याकडे खूप माणसं येऊन गेली. हवापाण्यावर बोलली. पाठदुखीवर बोलली. तिचा विषय कोणी काढला नाही. हिनेसुद्धा नाही, मला वाईट वाटेल म्हणून. घरी कोण असतं, असं विचारणारा तू पहिला."

मेहुणी जमिनीकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "तुम्ही तरी कुठे काढलात, भावोजी?"

"तुला वाईट वाटेल म्हणून."

यावर कलाकार आणखी मोठ्याने रडायला लागला. पण रडता रडता उठला, तोंड पुसलं, माइक घेतला. संयोजिका बाईंनी सुटकेचा निःश्वास टाकला. भावोजी आणि मेहुणी जाऊन पहिल्या रांगेत बसले. काम झालं, असं सगळ्यांनाच वाटलं.

कलाकार रंगमंचावर आला तेव्हाच लोक हसायला तयार होते. काहीजण तर तो तोंड उघडण्याआधीच हसले. त्याने हात वर केला.

"काल या काकांच्या बोलण्यावर आपण सगळे हसलो," तो म्हणाला. "त्यांची बायको खरोखरच वारली आहे."

प्रचंड हशा पिकला. मग कलाकाराला हुंदका आला, आणि हशा मागच्या रांगांकडून हळूहळू विझत पुढे आला. कालची माणसं एकमेकांकडे बघेनात. रुमाल निघाले. कोणीतरी मोठ्याने नाक शिंकरलं. एवढ्या माणसांना एकदम लाज वाटली की होणारी शांतता मोठी जड असते.

"काका," कलाकार खाली उतरून म्हणाला, "त्यांच्याबद्दल दोन शब्द सांगा." आणि त्याने माइक भावोजींच्या हातात दिला.

भावोजींना घाम फुटला. लोक हसायला आलेत, तेव्हा काहीतरी हसण्यासारखं सांगितलं पाहिजे, एवढं त्यांना कळत होतं. त्यांनी खूप आठवून पाहिलं.

"शेवटी ती दवाखान्यात होती," ते म्हणाले. "शेजारच्या खाटेवर एक बाई होत्या. त्यांचा नवरा सारखा बोलायचा. एकदा नर्सने हिला विचारलं, बाई, काही हवंय का? तर ही म्हणाली, तो नवरा मला दोन दिवस बदलून द्या. माझा मुका आहे. तेवढीच त्या बिचारीलाही झोप लागेल."

भावोजी थांबले. कोणी हसेना. उलट तिसऱ्या रांगेतून "अरेरे" ऐकू आलं आणि एक बाई स्फुंदू लागली.

त्यांना वाटलं, लोकांना नीट कळलं नाही. "म्हणजे माझ्या बदल्यात," त्यांनी समजावलं. "मला तिकडे द्यायचं, आणि त्याला इकडे घ्यायचं."

सगळं सभागृह मुसमुसू लागलं. एक धिप्पाड माणूस चष्मा काढून डोळे पुसत होता. संयोजिका बाई खांबाला टेकून रडत होत्या.

"नर्स म्हणाली, त्याला डॉक्टरांची परवानगी लागते," भावोजी नेटाने पुढे गेले. "तर ही म्हणाली, डॉक्टर अविवाहित आहेत, त्यांना यातलं काय कळतंय?"

शेजारून एक विचित्र आवाज आला. मेहुणीने हा किस्सा कधी ऐकला नव्हता. तिने ओठ घट्ट मिटले होते, पण नाकातून हसू फुटलं होतं. "मग?" तिने कसंबसं विचारलं.

"मग काय? शेजारचा नवरा म्हणाला, माझी हरकत नाही, फक्त माझी उशी मला लागते."

मेहुणी खुर्चीतच दुमडली. भावोजींनी तिच्याकडे पाहिलं, आणि त्यांच्या छातीतून काहीतरी वर आलं. त्यांना आधी वाटलं उचकी आहे. ते हसू होतं. आठ महिन्यांचं, गंजलेलं, धक्के देत बाहेर येणारं. आजूबाजूला माणसं ढसाढसा रडतायत आणि आपण हसतोय, हे शोभत नाही, हे कळून त्यांनी माइक कलाकाराच्या हातात कोंबला, रुमालात तोंड खुपसलं, आणि दोघं बाजूच्या दाराकडे निघाली. माणसांनी उठून वाट दिली. "धीर धरा, काका," म्हणत कोणी पाठीवरून हात फिरवला. त्या हाताने भावोजींना हसण्याचा आणखीच उमाळा आला.

बाहेरच्या रिकाम्या जिन्यावर दोघं बसली. मेहुणीचे डोळे वाहत होते आणि ती ते पुसतही नव्हती.

"आणखी काय काय म्हणायची ती?" तिने विचारलं.

"पुष्कळ," भावोजी म्हणाले, आणि सांगायला लागले. ते सांगत होते, ती मध्येच "थांबा, थांबा" म्हणत होती, मग ती सांगत होती आणि ते गुडघ्यावर थापा मारत होते. आवाज चढत गेला.

सभागृहाचं दार किलकिलं झालं आणि दारावरचा माणूस बाहेर डोकावला. त्याचेही डोळे लाल होते.

"हळू जरा," तो दटावून म्हणाला. "आत लोक रडतायत."