बंडूजींचं प्रस्थान

भूगोलाचे मास्तर बंडूजी १९८१ साली महिनाभर स्वित्झर्लंड पायी हिंडायला निघाले, तेव्हा वर्ध्याकडच्या सिंदी गावात त्यांच्यापेक्षा त्यांच्या पिशवीचंच कौतुक जास्त झालं. तिकडच्या पत्रमित्रानं बजावलं होतं, की लागेल ते सगळं पाठीवर मावलं पाहिजे आणि दहा किलोच्या वर एक रुमालही नको. बंडूजींनी ताडपत्रीची पाठपिशवी शिवून घेतली. तीत तळाशी पासपोर्ट आणि विमानाचं तिकीट, वर कपडे, घोंगडी, जाड बूट आणि औषधं. कापसाच्या जिनिंगमधल्या काट्यावर वजन भरलं नऊ किलो आठशे. उरलेले दोनशे ग्रॅम त्यांनी मोकळे ठेवले आणि तिथेच चुकले.

घोळ पंचांगानं केला. मुंबईला निघायचं गुरुवारी आणि गुरुवारी अमावास्या.

"अमावश्येले निघशीन तं माह्या जिवाले घोर लावशीन," आई सुमित्राबाई म्हणाल्या.

"माय, विमान शनवारी रातचं हाय. शुक्रवारी निघालो तं लय धावपळ होते."

"मंग सोमवारी प्रस्थान ठेव."

म्हणजे चांगला दिवस पाहून सामान दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचं. प्रवास तेव्हाच सुरू झाला असं धरतात. माणूस मागाहून निघाला तरी चालतं. फक्त गेलेलं सामान परत घरात आणायचं नाही. शास्त्राला चकवायची सोय शास्त्रानंच करून ठेवलेली, त्यामुळे बंडूजींना वाद घालता येईना. सोमवारी पिशवी समोरच्या नत्थूजींकडे गेली.

"काळजी नोको करू," नत्थूजी म्हणाले. "तुही पिशवी ते माही पिशवी."

मंगळवारी बंडूजी पिशवी पाठीला लावून चालायचा सराव करायला गेले, तर पिशवी जागची हलेना.

"वहिनी, यात काय टाकलं?"

"काही नाई जी," नत्थूजींच्या यशोदाबाई म्हणाल्या. "जवसाची चटणी, तिळाचे लाडू अन् पायलीभर जवारीचं पीठ. आपल्या घरून निघणारं सामान तसंच पाठवाव का? तिकडं भाकर कोन देते तुमाले?"

बाईंच्या डोळ्यांदेखत त्यांचे लाडू बाहेर काढायची बंडूजींची छाती झाली नाही. उद्या हळूच काढू, असं ठरवून ते घरी आले. बुधवारी पाहतात तर नत्थूजींच्या दाराला भलंमोठं कुलूप.

"नत्थू वडनेरले गेला, भाचीच्या साखरपुड्याले," सुमित्राबाईंनी सांगितलं. "पिशवी घेऊन गेला."

"पिशवी काऊन नेली?"

"मंग प्रस्थान कुलपात कोंडून ठेवाव का? सामान पुढंच गेलं पाह्यजे. उद्या वर्ध्याच्या टेसनावर आणून देतो म्हणे."

पासपोर्ट वडनेरला साखरपुडा जेवतोय आणि आपण इथे बसलोय, या विचारानं बंडूजींना दोन घास गेले नाहीत. पंधरा वर्षं पोरांना आल्प्स पर्वत फळ्यावर काढून दाखवला होता. तो एकदा डोळ्यांनी पाहायचा, एवढीच त्यांची इच्छा होती.

गुरुवारी वर्ध्याला मुंबई मेल आली. नत्थूजींचा पत्ता नाही. बंडूजी डब्याच्या दारात दांडा धरून उभे राहिले. शिट्टी झाली तेव्हा कुठे दोन हमालांसह नत्थूजी धावत येताना दिसले. वडनेरच्या पाहुण्यांनीही आपला हात लावला असावा, कारण पिशवीचं तोंड आता दाभणात सुतळी ओवून शिवलेलं होतं. तिघांनी मिळून ती डब्यात लोटली आणि गाडी हलली. बंडूजींनी दारातूनच हात जोडले.

"नत्थूजी, लय उपकार झाले! पासपोट तळाशीच हाय ना?"

"थो म्या सोमवारीच काढला गा!" गाडीबरोबर चालत नत्थूजी म्हणाले. "जोखमीचे कागद पिशवीत ठेवते का कोनी? तिकिटासंगं माह्या घरी पेटीत हाय, कुलपात!"

बंडूजींनी पिशवीकडे पाहिलं. तिला उचलायला तीन माणसं लागली होती, तेव्हा विचार करण्यासारखं काही नव्हतं. त्यांनी एकट्यानं उडी टाकली.

गुडघा फुटला. फलाटावर बसल्या बसल्या त्यांनी मेलचा शेवटचा डबा दूर जाताना पाहिला. नत्थूजींनी त्यांना हात देऊन उठवलं, धोतराच्या सोग्यानं त्यांची पँट झटकली आणि समाधानानं रुळांकडे पाहिलं.

"उद्याच्या मेलनं जाजो. दिवसबी चांगला हाय," ते म्हणाले. "अन् सामान तं पुढं गेलंच हाय."