मेसेजचा जन्मदाखला

वसमतच्या आमच्या वाचनालयात मोबाईलवर आलेला औषधाचा मेसेज दाखवायला गेलं, की खिल्लारे आधी विचारतात, "जन्मदाखला आणला का?"

कुणाचा म्हणाल, तर त्या मेसेजचा. खिल्लारे आमचे ग्रंथपाल. लेखक, प्रकाशक आणि साल कळल्याशिवाय त्यांनी आयुष्यात एक पुस्तक कपाटात लावलेलं नाही, आणि तोच कायदा ते काढ्यांना आणि चाटणांना लावतात. मेसेज कागदावर उतरवायचा आणि खाली लिहायचं : सांगणारा कोण, कधी सांगितलं, काय विकून राहिला. उत्तरं न मिळालेल्या कागदांसाठी 'बेवारस' असा एक कप्पा आहे. तो केव्हाच भरला. आता कागद कादंबऱ्यांच्या जागेत घुसलेत.

माझ्या जुन्या विद्यार्थ्यांनो, शाळेतून निवृत्त झाल्यापासून मंगळवारी दुपारी मीही तिथे असते. इंग्रजी पानं वाचून मराठीत सांगायचं काम माझ्याकडे. एकुलत्या एका संगणकाभोवती आम्ही सात-आठ जण बसतो. सगळ्यांना चष्मा, निम्म्यांना साखर.

एकदा हळदीचे एक व्यापारी तावातावाने म्हणाले, "अहो, व्हिडिओत डॉक्टर सांगून राहिला! पांढरा कोट घातलाय."

"कोट मी बी घालतो लग्नात," खिल्लारे म्हणाले. "काढू का तुमचं अपेंडिक्स?"

मग त्यांनी व्हिडिओ शेवटपर्यंत चालवला. डॉक्टरसाहेब शेवटी चूर्णाची डबी विकत होते. व्यापारी हळहळले, "आवाज मात्र भारदस्त होता."

ही सगळी उठाठेव सुरू झाली ती अक्कामुळे. अक्का म्हणजे खिल्लाऱ्यांची थोरली बहीण. कनेरगाव नाक्याजवळ एकटी राहते. खिल्लारेही एकटेच, लग्न केलं नाही. सात दिवस मेथीचा काढा प्या आणि साखरेची गोळी कायमची सोडा, असा मेसेज तिला आला. तिने गोळी सोडली आणि दोन आठवड्यांत बांधावर चक्कर येऊन पडली. दवाखान्यात तिच्या उशाशी बसून खिल्लाऱ्यांनी बजावलं, यापुढे काही आलं तर आधी मला फोन, मग चुलीवर भांडं.

तेव्हापासून रोज चारला अक्काचा फोन. आवाज असा, की आम्हा सगळ्यांना ऐकू यावा.

"किसन, जांभळाच्या बिया म्हनून राहिलेत. करू का?"

"काहून करतीस? कोन म्हनतंय ते पाह्य आधी."

"खेकसू नको माझ्यावर. तुला कडेवर घेऊन शाळेत नेलंय मी."

मग बियांवरून गाडी कपाशीवर, कपाशीवरून शेजारणीच्या सुनेवर. फोन ठेवून खिल्लारे म्हणत, "तकलीफ हाय नुसती."

शेवटी दिवाळीला गेले तेव्हा त्यांनी तिला सगळं शिकवलं. सरकारी आरोग्याचं पान कसं उघडायचं, तारीख कुठे बघायची, अडलं तर उपकेंद्रातल्या सिस्टरला कसं विचारायचं. अक्का हुशार. महिन्याभरात ती गल्लीतल्या बायकांचे मेसेज तपासायला लागली. तिची साखर ताब्यात आली. फोन मात्र येईनासा झाला. विचारायचं काही उरलंच नव्हतं.

खिल्लाऱ्यांनी मला तीनदा विचारलं, "मॅडम, याची रेंज बराबर हाय ना?"

"तुम्हीच करा ना फोन," मी म्हटलं.

"काय म्हनून करू? काम तर काही न्हाई."

गेल्या मंगळवारी लोक गेल्यावर ते बराच वेळ एका बोटाने फोनवर काहीतरी लिहीत होते. मी चष्मा सावरून पाहिलं. 'उशाखाली कांदा ठेवल्यास गुडघेदुखी जाते. वीस जणांना पाठवा.' नाव नाही, तारीख नाही. पाठवला अक्काला.

"खिल्लारे!" मी म्हटलं.

ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाधनार न्हाई असंच लिवलंय."

पाच मिनिटांत फोन वाजला. "किसन, येडा झालास काय रं? कोन सांगितलं तुला हे? एवढं शिकून..." अक्का बोलत सुटली. खिल्लारे खुर्ची ओढून भिंतीकडे तोंड करून बसले.

मी पर्स उचलून बाहेर आले. पायरीवर चपला घालताना आतून आवाज आला, "ठेवू नको, अक्का. मला अजून नीट समजलं न्हाई."