नोटेचं खानदान

गिरदावरसाब नोट आधी हुंगायचे. मग कानाशी धरून बोटांनी कुरकुर वाजवायचे आणि शेवटी डोळ्यांनी पाहायचे. कंडक्टरनं सुटे म्हणून दिलेली दोनची नोटसुद्धा याच वाटेनं खिशात जायची. तोवर बसच्या दारात मागची माणसं तेलुगूत काय काय बोलायची. साबांना तेलुगू उत्तम येई. पण ते बोलणं नोटेविषयी नसल्यामुळे ते लक्ष देत नसत.

नाव देवराव. तहसिलीतून गिरदावर, म्हणजे महसूल निरीक्षक, म्हणून निवृत्त झालेले, आदिलाबादेत माझे शेजारी. कुणाच्या पेटीत निजामाच्या वेळची हाली नोट सापडली, की तो माणूस त्यांच्याकडे येई. साब भिंग काढत. सही कुणाची, टाचणीची भोकं किती, कोपरे शाबूत का, सगळं वहीत चढे. मग फर्मान सुटे, "खानदान पाह्यल्याबिगर भाव नाई सांगत. तीन खेपा लागतीन."

एकदा बाजारहत्नूरहून रुखमाबाई आली. सासूच्या लुगड्यात दहाची हाली नोट सापडली होती. हजारो रुपये येतील, असं गावात कुणीतरी सांगितलेलं. पोरीचं लग्न ठरलं होतं.

"सासूचा सभाव कसा होता?" साबांनी विचारलं.

"तो काऊन पायजे?"

"घडी पाहा किती घट्ट हाय. कोन घातली ते पाहून राह्यलो."

रुखमाबाईनं सासू सांगितली. त्यात दोनदा चहा झाला. दुसऱ्या खेपेला सासूचं माहेर झालं. तिसऱ्या खेपेला साबांनी भिंग खाली ठेवलं.

"असली हाय. पन लई झिजली. हौशी मानूस भेटला तर पन्नास रुपये."

"तीन खेपांच्या भाड्यातच पन्नास गेले माहे!" रुखमाबाई कडाडली. "पहिल्याच दिवशी समजलं नाई का तुमाले?"

नोट उचलून ती तरातरा निघून गेली.

शेजारच्या माझ्या ओट्यावरून मी सारं ऐकत होतो. जाऊन विचारलं, "साब, खरंच तीन खेपा लागतात?"

"हातात घेतल्याबरोबर समजते, मास्तर."

"मग बोलावता कशाला?"

त्यांनी वही मिटली. "लगेच सांगितलं का मानूस लगेच उठते."

त्यांची बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. मुलगा बेल्लमपल्लीला, खाणीत नोकरीला, सणावारी येई. मी रोज त्यांच्या दारावरून शाळेत जात होतो. "काय साब, बरं ना?" एवढं चालता चालता विचारत होतो.

दुसऱ्या दिवशी साब पहिल्या बसनं बाजारहत्नूरला गेले, बाईचं भाडं परत करायला. परतले ते दिवेलागणीला. मी माझ्या ओट्यावरच होतो.

"पैसे घेतले नाई तिनं," ते म्हणाले. "लई बोलली. मंग जेवू घातलं. भाकर, अंबाडीची भाजी." पुढं म्हणाले, "लग्नाले या म्हने."

"कधी आहे लग्न?"

साबांनी चपला काढल्या, नीट एकीशेजारी एक लावल्या.

"ते विचाराचं राह्यलं," ते म्हणाले. "उद्या जाऊन विचारून येतो."