काहून मॅडम

आमच्या कॉलेजातल्या राठोड मॅडमना "बऱ्या आहात ना?" असं विचारलं, की उत्तर येतं, "काहून?" चहा घेणार का? "काहून?" आज तुमचा तास शेवटचा आहे. "काहून?" आमच्याकडे 'का'ला सगळेच काहून म्हणतात. पण मॅडम तो शब्द असा टाकतात, की समोरचा आपलं नेमकं काय चुकलं ते शोधू लागतो. पोरं त्यांना काहून मॅडमच म्हणतात, आणि त्यांना ते ठाऊक आहे.

वारंगा फाट्याहून कळमनुरीकडे येताना माळावर आमचं कॉलेज लागतं. त्या इतिहास शिकवतात, मी गणित. टेबलं शेजारी, त्यामुळे सगळ्यात जास्त काहून माझ्याच वाट्याला. मॅडम जवळच्याच एका तांड्यावरच्या, पण राहतात गावात, एकट्या. स्कूटीला त्यांनी तिसरा आरसा बसवून घेतलाय. विचारलं तर म्हणाल्या, "इतिहासवाल्याला मागचं जास्त दिसाया पाहिजे."

मागच्या वर्षी विद्यापीठाकडून निरोप आला, विविधता आणि समावेशन दिवस साजरा करा. प्राचार्यांनी बैठक घेतली.

"मॅडम, तुम्ही बंजारा पोशाखात या. शोभा येईल."

"काहून?"

"अहो, संस्कृती दिसली पाहिजे ना!"

"मंग तुमचीबी दिसू द्या की सर. तुमी धोतरात या."

प्राचार्यांनी ते मनावर घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा धोतर नेसले आणि अख्खं भाषण एका हाताने निऱ्या धरून केलं. पाहुण्यांना हार घालायची वेळ आली, तेव्हा हार धरावा की निऱ्या हे त्यांना कळेना. मॅडम मात्र नेहमीच्याच सुती साडीत. "रोज हीच नेसती मी," म्हणाल्या.

दुपारी वेशभूषा स्पर्धा होती. नटूनथटून उभ्या असलेल्या पोरींच्या रांगेत एक चाळिशीची बाई दिसली. घेरदार फेटिया म्हणजे बंजारा घागरा, भरतकामाची कांचळी, कोपरापर्यंत बांगड्या, काखेत गाठोडं. घाईगर्दीत कुणीतरी तिच्या ओढणीला स्पर्धेचा बिल्लाही टोचला होता. परीक्षक खूश. "वा! अगदी हुबेहूब!"

बाई गोंधळून हसत होती. ती आपल्या लेकीला, दुसऱ्या वर्षाच्या पूजाला, भेटायला आली होती. पूजा मात्र मैत्रिणींच्या मागे, खांबाआड मान खाली घालून उभी होती.

मॅडम तडक गेल्या. बिल्ला काढून परीक्षकांच्या टेबलावर ठेवला.

"ह्यो वेश न्हाई सर. कपडे हायेत त्यांचे."

प्राचार्य मंचावरून उतरले आणि त्यांनी बाईंना हात जोडले.

"चला याडी," मॅडम म्हणाल्या. याडी म्हणजे आई. हाताला धरून त्यांनी बाईंना आपल्या रिकाम्या वर्गात नेलं. तिथेच राहिलेलं गाठोडं घेऊन मी मागे गेलो. बाई पहिल्या बाकावर बसल्या होत्या आणि मॅडम फळ्याशी उभ्या राहून गोरमाटीत, म्हणजे बंजारा बोलीत, शिकवत होत्या. लमाणांचे बैल धान्य घेऊन कुठून कुठे जायचे, त्या वाटा खडूने काढत होत्या. मध्येच बाई काही सांगायच्या, मग मॅडम रेघ पुसून वळवून घ्यायच्या.

थोड्या वेळानं दारात पूजा आली. मॅडमनी तिला हाक मारली नाही, शिकवणं थांबवलं नाही. बाईंनीच फेटियाचा घेर आवरला आणि बाकावर जागा केली. पूजा बसली. आईच्या दंडाला दंड लावून बसली.

मायलेकी गेल्यावर मॅडम खुर्चीत बसल्या.

"माझी याडीबी म्हणायची, तू शिकविती कशी, ते एकदा बघू दे. अशीच आली असती ती, ह्याच कपड्यात. मी दरसाली म्हणायची, पुढच्या साली नेते." मग त्या खडूने पांढरे झालेले हात चोळू लागल्या. "गेली ती."

मी पहिल्या बाकावर बसलो.

"सर," त्यांनी हळूच विचारलं, "बराबर शिकवलं ना मी आज?"

"बराबर शिकवलंत," मी म्हणालो.