आल्विन ब्रेक्केचं मरण खोळंबलं

प्रगती मोजणाऱ्या साहेबांनो, आरोप सरळ तुमच्यावर आहे. तुम्ही एका पोरीचं लिहिणं काढून घेतलंत आणि बदल्यात तिच्या हातात प्रगतीचं प्रशस्तिपत्र ठेवलंत. कसं, ते ऐका.

नॉर्थ डकोटातल्या नॉर्स्कोग गावाचं एक साप्ताहिक आहे. गावात कोणी गेलं की त्याचा मृत्युलेख मॅरिट टॉलेफसन लिहायची, अगदी शाळेत असल्यापासून. संपादक आल्विन ब्रेक्के या म्हाताऱ्याने तिला हे काम शिकवलं. त्याचा नियम एकच. माणूस मेला तर मेला म्हणायचं. अनंतात विलीन झाला म्हटलं की गावकरी गोंधळतात, आणि त्यांना तर मयतानंतरच्या जेवणासाठी बटाट्याची हॉटडिश भाजून चर्चच्या तळघरात वेळेवर पोचवायची असते. म्हणून नाव, मागे कोण राहिलं, आणि शेवटी, प्रार्थनेनंतरची कॉफी किती वाजता. मॅरिटचं वाचून लोक घरी रडत आणि वेळेवर येत.

ती कॉलेजला निघाली तेव्हा आल्विनचं हृदय आधीच कुरकुरत होतं. तो म्हणाला, "पोरी, माझं तूच लिहायचंस. आणि मी जिवंत असताना दाखवायचंस. मेल्यावर मला मुद्रितं तपासता येणार नाहीत."

तिने शब्द दिला.

कॉलेजात पहिल्या वर्षाला लेखनाचा तास सक्तीचा होता. सुरुवातीला एक निबंध, वर्षअखेरीला एक. दोन्हींतला फरक म्हणजे प्रगती. फरक दिसला नाही तर तास पुन्हा पहिल्यापासून. मॅरिटने पहिल्या निबंधात आपल्या शाळेच्या स्वयंपाकिणीचं मरण लिहिलं. वेनरायट मॅडमनी तो वाचला, डोळे पुसले आणि तिला बोलावून घेतलं.

"हे फार चांगलं आहे," मॅडम काळजीने म्हणाल्या.

"थँक्यू, मॅडम."

"थँक्यू काय? आता तू वाढणार कुठे?"

वर्गातल्या ट्रिपने हे ऐकून कपाळाला हात लावला. "अगं, पहिला निबंध चांगला लिहितं का कोणी? माझ्या ताईने नुसती कुत्र्यांची नावं लिहिली होती. वर्षअखेरीला पदक मिळालं तिला."

वर्गात हे सगळ्यांना ठाऊक होतं. सगळे घरूनच वाईट लिहायची तयारी करून आले होते.

मॅरिटने सुरुवात नव्याने करू द्यावी अशी विनंती केली. प्रगती मोजणाऱ्या समितीने सहानुभूतीपूर्वक विचार करून ती फेटाळली. विद्यार्थ्याची सुरुवात एकदाच होते, असं समितीचं धोरण होतं. मागे जायची सोय नाही म्हटल्यावर पुढे जाणं भाग होतं. तिने वाक्यं लांबवली. प्रत्येक विधानाला दुसरी बाजू जोडली, दुसरीला तिसरी. शिवाय दर आठवड्याला 'मी लेखक म्हणून कशी वाढले' यावर चिंतन लिहायचं होतं, आणि त्या चिंतनामुळे आपण कशा वाढलो यावर आणखी एक. नाताळ येईपर्यंत तिला लिहायला वेळच उरला नाही. सगळा वेळ वाढण्यात जात होता. आईने फोनवर विचारलं, जेवलीस का, तर मॅरिट म्हणाली की या प्रश्नाकडे अनेक अंगांनी पाहता येईल. आईने मुकाट्याने फोन बापाकडे दिला.

वर्षअखेरीला प्रगतीचं पहिलं बक्षीस तिलाच मिळालं. समितीतल्या कोणालाच तिचा निबंध कळला नव्हता, त्यामुळे निर्णय एकमताने झाला.

सुट्टीत ती घरी आली. आल्विन कचेरीतल्या खुर्चीत नाकात नळ्या घालून बसला होता. तिने त्याचा लिहून आणलेला मृत्युलेख पुढे ठेवला. त्याने तो वाचला, पानं उलटली, पुन्हा पहिल्या पानावर आला.

"मॅरिट, यात मी मेलोय का?"

"एका अर्थाने, आजोबा."

"आणि दुसऱ्या अर्थाने?"

"दुसऱ्या अर्थाने मरण ही संकल्पनाच तपासून घ्यावी लागते."

"कॉफीचं काय?"

"कॉफी आहे की. समूहभावनेच्या उभारणीचा अवकाश, असं म्हटलंय."

"किती वाजता?"

तिने पानं चाळली. वेळ कुठेच लिहिलेली नव्हती. आल्विनने कानामागची पेन्सिल काढून तिच्या हातात दिली. "लिही. आल्विन ब्रेक्के मेला. बास."

तिने नाव लिहिलं आणि हात अडला. मेला असं कोण म्हणतं, कोणत्या भूमिकेतून म्हणतं, ज्यांना तो मेला असं वाटत नाही त्यांचं काय? पेन्सिल कागदावर तशीच टेकून राहिली. मग तिचे डोळे भरून आले.

"जमत नाही, आजोबा."

आल्विनने ते दोन शब्द बराच वेळ न्याहाळले. "नाव बरोबर लिहिलंयस," तो म्हणाला. "घाई नाही. तुला जमेपर्यंत मी थांबतो."

तो थांबलाय. फार दिवस निभणार नाही, असं डॉक्टर म्हणतात. मॅरिट रोज कचेरीत जाते, नाव लिहिते आणि अडते.

तर साहेबांनो, चढवलेली प्रगती उतरवायची काही सोय तुमच्याकडे आहे का? आणि वाचकहो, तुम्ही गालातल्या गालात हसू नका. न कळलेल्या भाषणाला पहिली टाळी कोणाची होती? आपल्याला ओ की ठो कळलं नाही म्हणून 'पोरगी हुशार झाली' असं कोण म्हणालं? तळघरात खुर्च्या मांडायच्या आहेत आणि म्हातारा ताटकळलाय. निबंध नको. हो की नाही, तेवढं सांगा.